मोनोक्लोनल प्रतिपिंड उपचार (रक्तविकार)

मोनोक्लोनल प्रतिपिंड उपचार ही प्रयोगशाळेत तयार केलेल्या आणि एकाच ठरावीक लक्ष्याला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांचा औषध म्हणून वापर करण्याची पद्धत होय. मराठी परिभाषेत अशा प्रतिपिंडांना ‘एककृंतक प्रतिपिंड’ असेही म्हणतात. रुग्णालयांत मात्र ‘मोनोक्लोनल अँटीबॉडी’ हाच शब्द रूढ आहे. मल्टिपल मायलोमा (बहुविध मज्जार्बुद) या अस्थिमज्जेच्या कर्करोगावर २०१५ पासून ही औषधे वापरात आली आणि काही वर्षांतच ती त्या रोगाच्या उपचाराचा मुख्य भाग बनली. अमायलॉइडोसिस, वाल्डेनस्ट्रॉम मॅक्रोग्लोब्युलिनेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल आजार या इतर रक्तविकारांतही त्यांचा वापर झाला आहे, परंतु सर्वत्र सारखे यश आलेले नाही. महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील गोंदिया जिल्ह्यात सिकलसेल हा ठळक आनुवंशिक रक्तविकार आहे. त्यामुळे मायलोमातील यश आणि सिकलसेलमधील निराशा या दोन्ही गोष्टी तेथील रुग्णांच्या दृष्टीने महत्त्वाच्या ठरतात.

प्रतिपिंड आणि मायलोमा पेशी

शरीरात शिरलेल्या जंतूंविरुद्ध रक्तातील बी-पेशी सक्रिय होतात. त्यांच्यापासून तयार होणाऱ्या प्लाझ्मा पेशी प्रतिपिंड नावाची प्रथिने स्रवतात. निरोगी माणसात असंख्य प्रकारच्या प्लाझ्मा पेशी असतात व प्रत्येक प्रकाराचे प्रतिपिंड वेगळे असते. मायलोमामध्ये यांपैकी एकच प्लाझ्मा पेशी बेबंद वाढते आणि तिची संतती अस्थिमज्जा व्यापते. या सर्व पेशी एकाच पेशीच्या वंशातील असल्याने त्या एकाच साच्याचे, निरुपयोगी प्रतिपिंड मोठ्या प्रमाणात तयार करतात. त्यालाच ‘एम-प्रथिन’ म्हणतात. म्हणजे मायलोमाचा रुग्ण स्वतःच एका मोनोक्लोनल प्रतिपिंडाचा कारखाना झालेला असतो.

हीच विकृती पुढे उपचाराचे साधन बनली. प्रतिपिंड तयार करणाऱ्या साध्या बी-पेशी शरीराबाहेर फार काळ जगत नाहीत. मायलोमाच्या पेशी मात्र प्रयोगशाळेत अमर्याद वाढतात. केंब्रिज येथे जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये उंदराच्या प्लीहेतील बी-पेशींचा उंदराच्याच मायलोमा पेशींशी संकर घडवून आणला. या संकरित पेशींना ‘हायब्रिडोमा’ म्हणतात. त्या हवे ते प्रतिपिंड तयार करतात आणि मरतही नाहीत. या शोधाचे पेटंट घेतले गेले नाही. कोलर आणि मिलस्टाइन यांना नील्स येर्ने यांच्यासमवेत १९८४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

सुरुवातीची प्रतिपिंडे संपूर्णपणे उंदराची असल्याने मानवी शरीर त्यांना परके समजून नष्ट करीत असे. पुढे जनुकीय तंत्राने त्यांतील उंदराचा भाग टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आला. या प्रवासाच्या खुणा औषधांच्या नावांत दिसतात : ‘क्सिमॅब’ने संपणारे नाव मिश्र प्रतिपिंडाचे (रिटुक्सिमॅब, इसाटुक्सिमॅब), ‘झुमॅब’ने संपणारे बहुतांशी मानवी प्रतिपिंडाचे (एलोटुझुमॅब), तर केवळ ‘उमॅब’ने संपणारे पूर्णतः मानवी प्रतिपिंडाचे (डाराटुमुमॅब, डेनोसुमॅब). नव्या औषधांना अशी नावे देण्याची पद्धत २०१७ मध्ये बंद झाली. त्यामुळे अलीकडच्या नावांवरून हा अर्थ काढता येत नाही. अमेरिकेत कर्करोगावरील उपचारासाठी मान्यता मिळालेले पहिले मोनोक्लोनल प्रतिपिंड म्हणजे १९९७ मधील रिटुक्सिमॅब होय.

मल्टिपल मायलोमा : स्वरूप व निदान

मायलोमाची लक्षणे चार प्रकारची असतात : रक्तातील कॅल्शियम वाढणे, मूत्रपिंडे निकामी होऊ लागणे, रक्तक्षय, आणि हाडे पोखरली जाणे. पाठदुखी, थकवा आणि वारंवार होणारा न्यूमोनिया ही रुग्णांची नेहमीची तक्रार असते. १८४५ मध्ये लंडनमधील एका व्यापाऱ्याच्या लघवीत तापवल्यावर विचित्र वर्तन करणारे प्रथिन आढळले. हेन्री बेन्स जोन्स यांनी त्याचा अभ्यास केल्यामुळे ते ‘बेन्स जोन्स प्रथिन’ म्हणून ओळखले जाते. प्रतिपिंडांच्या सुट्या ‘हलक्या साखळ्या’ म्हणजे हेच प्रथिन, हे शंभरहून अधिक वर्षांनी स्पष्ट झाले. लघवीतील प्रथिने तपासण्याच्या साध्या पट्टीवर मुख्यतः अल्ब्युमिन दिसते, हलक्या साखळ्या दिसत नाहीत. त्यामुळे पट्टीचा निकाल सामान्य आला म्हणून मायलोमा नाही, असे म्हणता येत नाही.

निदानासाठी रक्तद्रवाचे इलेक्ट्रोफोरेसिस, इम्युनोफिक्सेशन, मुक्त हलक्या साखळ्यांचे मापन, अस्थिमज्जेची तपासणी आणि हाडांची प्रतिमाचित्रे आवश्यक असतात. २०१४ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार अस्थिमज्जेत किमान १० टक्के विकृत प्लाझ्मा पेशी (किंवा तशा पेशींची गाठ) असून त्याबरोबर वर सांगितलेली एखादी इजा असल्यास मायलोमाचे निदान होते. प्लाझ्मा पेशी ६० टक्के वा अधिक असणे अशा काही खुणा असल्यास इजा होण्याची वाट न पाहता उपचार सुरू केले जातात.

ग्रामीण दवाखान्यातही काही धागे हाती लागू शकतात. ईएसआर फार वाढलेला असणे, रक्तपटलात तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या रचलेल्या दिसणे, किंवा एकूण प्रथिने जास्त असून अल्ब्युमिन कमी असणे यांपैकी काहीही आढळल्यास पुढील तपासणी करणे योग्य ठरते. रोगाची शंका असताना दीर्घकाळ वेदनाशामक गोळ्या देणे विशेष घातक असते, कारण त्यातील अनेक गोळ्या आधीच ताण पडलेल्या मूत्रपिंडांना इजा करतात.

भारतातील रुग्णालयांच्या नोंदींत मायलोमाच्या रुग्णांचे निदानाच्या वेळचे वय पाश्चात्त्य देशांपेक्षा सुमारे दशकभराने कमी आढळते. म्हणजे हा केवळ वार्धक्याचा आजार नसून अनेकदा कमावत्या माणसाचा आजार असतो.

मायलोमावरील प्रतिपिंडे

मायलोमाच्या पेशींच्या पृष्ठभागावर सीडी३८ हे प्रथिन दाट असते. त्याला चिकटणारे डाराटुमुमॅब हे डेन्मार्कच्या जेनमॅब कंपनीने विकसित केले आणि जॅन्सेन कंपनीने पुढे नेले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला नोव्हेंबर २०१५ मध्ये मान्यता दिली. हे प्रतिपिंड पेशीला चिकटले की रक्तातील पूरक प्रथिने त्या पेशीला छिद्रे पाडतात, नैसर्गिक मारक पेशी तिच्यावर हल्ला करतात आणि भक्षक पेशी तिला गिळतात. शिवाय, कर्करोगाला संरक्षण देणाऱ्या काही प्रतिकारपेशींवरही सीडी३८ असल्याने त्याही कमी होतात. इसाटुक्सिमॅब (२०२०) याच लक्ष्यावर काम करते. एलोटुझुमॅब (२०१५) हे एसएलएएमएफ७ या वेगळ्या प्रथिनाला चिकटते. एकट्याने ते फारसे परिणामकारक नाही, त्यामुळे इतर औषधांबरोबरच दिले जाते.

डाराटुमुमॅबचे महत्त्व मोठ्या वैद्यकीय चाचण्यांतून स्पष्ट झाले. मूळ पेशी प्रत्यारोपण शक्य नसलेल्या ७३७ रुग्णांवरील ‘माया’ चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात लेनालिडोमाइड आणि डेक्सामेथासोन या नेहमीच्या जोडीला डाराटुमुमॅबची जोड दिल्याने रोग बळावण्याचा वा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी घटला. प्रत्यारोपणास योग्य असलेल्या रुग्णांवरील ‘पर्सियस’ चाचणीत चार वर्षांनंतर रोग न बळावता जिवंत असलेल्यांचे प्रमाण डाराटुमुमॅबच्या गटात सुमारे ८४ टक्के, तर तुलनेच्या गटात सुमारे ६८ टक्के होते. तरीही मायलोमा बहुतेक रुग्णांत कालांतराने उलटतो. हे यश रोगमुक्तीचे नसून रोगाला दीर्घकाळ आटोक्यात ठेवण्याचे आहे.

रोग उलटल्यावर वापरायच्या प्रतिपिंडांचा दुसरा वर्ग द्विलक्ष्यी आहे. टेक्लिस्टामॅब (२०२२) आणि एलरानाटामॅब (२०२३) यांचे एक टोक मायलोमा पेशीवरील बीसीएमए या प्रथिनाला, तर दुसरे टोक रुग्णाच्याच टी-पेशीला पकडते. दोन्ही पेशी शेजारी आल्या की टी-पेशी कर्कपेशीला मारते. टाल्क्वेटामॅबचे (२०२३) लक्ष्य जीपीआरसी५डी हे वेगळे प्रथिन आहे. या औषधांनी तीव्र ताप, रक्तदाब घसरणे आणि चेतासंस्थेचे विकार होऊ शकतात, म्हणून पहिल्या मात्रा रुग्णालयातील देखरेखीखाली द्याव्या लागतात. बेलांटामॅब माफोडोटिन या औषधात प्रतिपिंडाला विषारी द्रव्य जोडलेले असते. २०२० मध्ये अमेरिकेत घाईने मान्यता मिळालेले हे औषध पुढील चाचणीत अपेक्षित सरसपणा न दिसल्याने २०२२ मध्ये तेथील बाजारातून मागे घेण्यात आले. मात्र इतर औषधांच्या जोडीने केलेल्या चाचण्यांत त्याचा चांगला परिणाम दिसला आणि २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये त्याला मान्यता मिळाली. डोळ्याच्या पारपटलाला होणारी इजा हा त्याचा मुख्य दोष आहे.

डेनोसुमॅब हे प्रतिपिंड कर्कपेशीवर नव्हे, तर हाडे झिजवणाऱ्या प्रक्रियेवर काम करते. मूत्रपिंडे कमजोर असलेल्या रुग्णांत झोलेड्रोनिक आम्लाऐवजी ते उपयोगी पडते.

उपचाराचे वेळापत्रक आणि दुष्परिणाम

शिरेतून दिल्या जाणाऱ्या डाराटुमुमॅबच्या पहिल्या मात्रेला सुमारे सात तास लागतात आणि जवळपास निम्म्या रुग्णांना त्या वेळी थंडी, खोकला, दम लागणे असा त्रास होतो. २०२० मध्ये त्वचेखाली टोचायचा प्रकार आला. त्याची १,८०० मिलिग्रॅमची ठरावीक मात्रा तीन ते पाच मिनिटांत पोटाच्या त्वचेखाली दिली जाते आणि असा त्रास बराच कमी होतो. लेनालिडोमाइडबरोबरच्या नेहमीच्या वेळापत्रकात पहिले आठ आठवडे दर आठवड्याला, नंतरचे सोळा आठवडे पंधरवड्याला आणि पुढे दर चार आठवड्यांनी एक मात्रा असते. पहिल्या वर्षातच एकूण २३ मात्रा होतात.

जंतुसंसर्ग हा सर्वांत गंभीर धोका आहे. उपचार रोगट प्लाझ्मा पेशींबरोबर निरोगी पेशीही कमी करतो, त्यामुळे शरीराची स्वतःची प्रतिपिंडे घटतात. नागीण टाळण्यासाठी असायक्लोव्हिर दिले जाते. उपचारापूर्वी हेपॅटायटिस बी ची तपासणी अनिवार्य समजली जाते, कारण सुप्त संसर्ग पुन्हा जागा होऊ शकतो.

रक्तगट जुळवणीतील अडथळा

डाराटुमुमॅबचा एक परिणाम रुग्णाच्या शरीरात नव्हे, तर रक्तपेढीच्या परीक्षानळीत दिसतो. तांबड्या रक्तपेशींवरही थोडेसे सीडी३८ असते. औषध घेणाऱ्या रुग्णाचा रक्तद्रव कोणत्याही दात्याच्या पेशींशी मिसळला तरी त्यातील डाराटुमुमॅब त्या पेशींना चिकटते आणि अप्रत्यक्ष कूम्ब्ज चाचणी विसंगती दाखवते. परिणामी एकही पिशवी ‘जुळत नाही’ आणि रक्ताची निकड असताना रुग्ण ताटकळतो. ए-बी-ओ आणि आरएच गटांच्या चाचणीवर मात्र याचा परिणाम होत नाही.

यावरचा उपाय सोपा आहे, पण तो आधी करावा लागतो. पहिल्या मात्रेपूर्वीच रुग्णाचा रक्तगट, प्रतिपिंड तपासणी आणि शक्य असल्यास विस्तृत रक्तगट नोंदवून ठेवावा. नंतर गरज पडल्यास रक्तपेढी चाचणीतील पेशींवर डायथायोथ्रेइटॉल या रसायनाची प्रक्रिया करून सीडी३८ नष्ट करते. या रसायनाने केल हा रक्तगट-घटकही नष्ट होत असल्याने रुग्णाला केल-ऋण रक्त देतात. अडथळा शेवटच्या मात्रेनंतर सहा महिन्यांपर्यंत टिकू शकतो. म्हणून रुग्णाने औषधाचे नाव लिहिलेले कार्ड जवळ बाळगणे आणि प्रत्येक रक्तपेढीत ते दाखवणे आवश्यक असते. उपचार एका शहरात आणि रक्त दुसऱ्या गावी, अशी विभागणी जेथे नेहमीची आहे तेथे ही चिठ्ठी औषधाइतकीच मोलाची ठरते. इलेक्ट्रोफोरेसिसमध्येही डाराटुमुमॅबची स्वतःची लहानशी पट्टी उमटते आणि ती रोगाचे उरलेले एम-प्रथिन समजली जाण्याची शक्यता असते.

संबंधित विकार

एएल अमायलॉइडोसिस या विकारात हलक्या साखळ्यांचे तंतू हृदय, मूत्रपिंड आदी अवयवांत साचतात. ‘अँड्रोमेडा’ चाचणीत नेहमीच्या उपचाराला डाराटुमुमॅबची जोड दिल्यावर रक्तातील रोग पूर्ण दिसेनासा होण्याचे प्रमाण १८ वरून ५३ टक्क्यांवर गेले. वाल्डेनस्ट्रॉम मॅक्रोग्लोब्युलिनेमियामध्ये रिटुक्सिमॅब वापरतात. सुरुवातीला त्याने आयजीएम प्रथिन तात्पुरते वाढून रक्त आणखी दाट होऊ शकते, याची काळजी घ्यावी लागते. हिमोफिलिया-ए मध्ये एमिसिझुमॅब हे द्विलक्ष्यी प्रतिपिंड रक्त गोठवणाऱ्या नवव्या आणि दहाव्या घटकांना जवळ आणून अनुपस्थित आठव्या घटकाचे काम करते.

एम-प्रथिन आढळलेल्या प्रत्येकाला उपचार लागतोच असे नाही. ‘अनिश्चित महत्त्वाची मोनोक्लोनल गॅमोपथी’ ही अवस्था पन्नाशीनंतर बऱ्याच जणांत असते आणि त्यांतील साधारण एक टक्का व्यक्तींत दरवर्षी रोगात रूपांतर होते. अशा व्यक्तींना केवळ नियमित तपासणी पुरते.

सिकलसेल आजारातील अनुभव

सिकलसेल आजारात बीटा-ग्लोबिन साखळीतील एका अमिनो आम्लाच्या बदलामुळे हिमोग्लोबिन विकृत होते, तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकून असह्य वेदना देतात. या अडकण्यात रक्तवाहिनीच्या आतील बाजूचे पी-सिलेक्टिन हे प्रथिन गोंदासारखे काम करते. क्रिझानलिझुमॅब हे प्रतिपिंड त्याला झाकते. १९८ रुग्णांवरील ‘सस्टेन’ चाचणीत (२०१७) वेदनेच्या झटक्यांचे वार्षिक प्रमाण २.९८ वरून १.६३ वर आले आणि २०१९ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. त्यानंतरच्या ‘स्टँड’ चाचणीत मात्र ते प्लासिबोपेक्षा, म्हणजे निष्क्रिय औषधापेक्षा, सरस ठरले नाही. २०२३ मध्ये युरोपीय आयोगाने त्याची मान्यता रद्द केली. हायड्रॉक्सियुरिया ही जुनी, स्वस्त गोळीच आजही या आजाराच्या उपचाराचा कणा आहे. सिकलसेलच्या रुग्णांपुढे ‘अँटीबॉडी’ची जाहिरात केली जाते तेव्हा हा इतिहास ठाऊक असणे आवश्यक आहे.

गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सीमेवरील या धानपट्ट्यात आठ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १३ लाख आहे. विदर्भातील सिकलसेलची नोंद शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपूर परिसरातून १९५८ मध्ये केली. आदिवासी, अनुसूचित जाती आणि काही इतर मागासवर्गीय समाजांत हे जनुक आढळते. राज्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत विद्राव्यता चाचणी आणि त्यानंतर इलेक्ट्रोफोरेसिस वा एचपीएलसी अशी तपासणीची उतरंड आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे.

या जागृतीची एक अनपेक्षित बाजूही ध्यानात घ्यावी लागते. सिकलसेलचा केवळ वाहक असलेल्या व्यक्तीला त्या जनुकामुळे सहसा रक्तक्षय होत नाही. त्यामुळे पन्नाशीपुढील वाहकाचे हिमोग्लोबिन घसरले असेल आणि पाठ दुखत असेल, तर त्याचे खापर सिकलसेलवर फोडणे चुकीचे होय. बांधीत वाकून रोवणी करणाऱ्यांची पाठ दुखणे नित्याचे असल्याने ही दुखणी सहज दुर्लक्षिली जातात. रात्री विश्रांतीतही न थांबणारी, आठवड्यांगणिक वाढणारी पाठदुखी आणि सोबत रक्तक्षय असेल तेव्हा मायलोमा व मणक्याचा क्षयरोग हे दोन्ही तपासले पाहिजेत.

गोंदिया येथे २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय आणि बाई गंगाबाई महिला रुग्णालय त्याला जोडलेली आहेत. कर्करोगाच्या विशेष उपचारांसाठी मोठी केंद्रे नागपूरला आहेत, उदाहरणार्थ राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि एम्स. गोंदिया–नागपूर अंतर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर आहे. सालेकसा, देवरी वा अर्जुनी मोरगाव येथील खेड्यातून निघणाऱ्याला त्यात गोंदियापर्यंतचा किंवा महामार्गापर्यंतचा प्रवास मिळवावा लागतो. पहिल्या वर्षातील २३ मात्रा म्हणजे २३ फेऱ्या आणि बहुधा सोबतच्या माणसाचीही तितक्याच दिवसांची बुडालेली मजुरी.

त्वचेखालील इंजेक्शनाचे खरे मोल येथे दिसते. पहिल्या काही मात्रा नागपूरला आणि पुढच्या जिल्हा पातळीवर, अशी विभागणी त्यामुळे वैद्यकीयदृष्ट्या शक्य होते. मात्र औषध थंड साखळीत ठेवण्याची सोय, प्रशिक्षित परिचारिका आणि वर सांगितलेली रक्तगटाची नोंद या तीन गोष्टी हव्यात. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत डे-केअर कर्करोग केंद्रे उभारण्याची घोषणा झाली असून त्यांपैकी २०० केंद्रे पहिल्याच वर्षी व्हायची होती.

किंमत हा मोठा अडसर आहे. आयुष्मान भारत योजनेच्या उपचार-संचांत मायलोमासाठी बोर्टेझोमिब आणि लेनालिडोमाइड यांवर आधारित उपचारांचा समावेश आहे. ही भारतात जेनेरिक स्वरूपात मिळणारी औषधे असून बहुसंख्य रुग्णांचा उपचार त्यांनीच सुरू होतो. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली प्रतिकुटुंब वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. प्रतिपिंडे स्वस्त होऊ शकतात याचे उदाहरण देशातच आहे : हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये रिटुक्सिमॅबचा जैवसमरूप प्रकार बाजारात आणला आणि लिम्फोमाच्या अनेक रुग्णांना हे औषध आवाक्यात आले. ३ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कर परिषदेने ३३ जीवरक्षक औषधांवरील १२ टक्के कर शून्यावर आणण्याचा निर्णय घेतला. त्यांत डाराटुमुमॅबचे दोन्ही प्रकार, टेक्लिस्टामॅब आणि एमिसिझुमॅब यांचा समावेश असून हा निर्णय २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला.